"बरोबर आहे का?" हे मुलाने कोणाला विचारायचं?



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात पहिली ते पाचवीतलं मूल आहे त्यांनी निवांत बसून वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनी शेजारच्या घरी पाठवा.

विषय गणिताचा आहे. घाबरू नका, सूत्रं वगैरे काही नाहीत.

आपल्याकडची तिसरी-चौथीतली मुलं गणित कसं सोडवतात ते एकदा बाजूला बसून बघा. एक गणित झालं की मान वर. "बरोबर आहे का?" आपण हो म्हटलं की पुढचं. पुन्हा मान वर. दहा गणितं, दहा वेळा तोच प्रश्न. शाळेत टीचरला, क्लासमध्ये मिसला, घरी आईला. आपण "नाही" म्हणायचा अवकाश, मूल खोडरबर उचलतं आणि काही विचार न करता दुसरा आकडा लिहितं. तोही चुकला तर तिसरा. आपल्या चेहऱ्याकडे बघत बघत ते उत्तरापर्यंत पोहोचतं. वहीकडे बघत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. प्राथमिक शाळेतल्या गणिताचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. उत्तर काढायचं काम मुलाचं आणि ते बरोबर की चूक हे ठरवायचं काम मोठ्यांचं, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी बदलली नाही तर कितीही महागडा क्लास लावा, मूल गणितात स्वतःच्या पायावर उभं राहणार नाही. आणि ती बदलायला आई-वडिलांना गणित येण्याची अजिबात गरज नाही.

मी हे कोणत्या अधिकाराने सांगतोय? मी शिक्षक नाही. ऑफिसात हिशेबाचं काम करतो. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आसपासची दहा-बारा मुलं गणित घेऊन बसतात. फी नाही, बोर्ड नाही. तीन टाकीच्या आसपास राहणाऱ्या काहींनी बघितलं असेल. तिथे जे दिसतं त्यावरून बोलतोय.

आधी आपल्या भागाचं बोलू.

कोपरखैरणेच्या रो-हाऊसच्या कुठल्याही गल्लीत शिरा. तळमजल्याच्या ग्रिलवर एक तरी बोर्ड दिसेल, "पहिली ते दहावी, सर्व विषय". संध्याकाळी पाचनंतर दाराबाहेर चपलांची रांग. पहिलीतली पोरंसुद्धा क्लासला. याला मी आई-वडिलांचा हौसेचा उद्योग म्हणणार नाही. वडील मार्केटला नाहीतर एमआयडीसीत शिफ्टला, आई कामावरून सात वाजता येणार, घर लहान, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरातलं शिक्षण मराठीतून झालेलं. गृहपाठ कोण घेणार? म्हणून क्लास. यात चुकीचं काही नाही. त्या ताईसुद्धा आपल्याच शेजारच्या. संसार सांभाळून वीस-वीस मुलं एका खोलीत सांभाळतात. ते सोपं काम नाही.

पण वीस मुलं, पाच इयत्ता, चार शाळा आणि दीड तास. यात ताई काय करू शकतात? गृहपाठ पूर्ण करून घेणं, एवढंच. मूल अडलं की पहिली पायरी सांगायची. पुन्हा अडलं की दुसरी. शेवटी उत्तर सांगायचं, कारण मागे एकोणीस जण ओळीत आहेत. आणि घरी गेल्यावर आपण काय तपासतो? वही भरली का. वही भरलेली, लाल टिका झालेल्या, आपण खूश. परीक्षेत तीच गणितं आकडे बदलून आली की मूल कोरा पेपर देतं आणि मग आपण म्हणतो, "क्लासमध्ये तर सगळं येत होतं!" येत होतं, कारण शेजारी कोणीतरी पुढची पायरी सांगत होतं.

आता एक साधी वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. दुसरी-तिसरीतली कितीतरी मुलं उत्तर लिहितात ३५. कसं? दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. झाले ३५. हा निष्काळजीपणा नाही बरं का. मुलाने स्वतःचा एक नियम केलाय, "मोठ्यातून लहान काढायचं", आणि तो नियम ते प्रामाणिकपणे पाळतंय. तुम्ही फुली मारून शेजारी २५ लिहिलंत तर तो नियम जागच्या जागी राहतो. उद्या ८१ वजा ४६ आलं की पुन्हा तेच.

त्याऐवजी मुलाला एवढंच म्हणा, "२७ मध्ये तुझे ३५ मिळव बरं." मिळवल्यावर येतात ६२. मूल थबकतं. "अरे, ५२ यायला पाहिजे होते!" हा थबकण्याचा क्षण फार मोलाचा आहे. चूक त्याला तुम्ही सांगितली नाही, आकड्यांनी सांगितली. आता हातचा म्हणजे काय हे समजून घ्यायला त्याचं डोकं तयार आहे. दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन काड्या द्या. त्यातून सत्तावीस काढायला सांगा. एक गठ्ठा सोडावा लागतो हे त्याचं त्यालाच कळतं.

भागाकाराचंही तसंच. ६१२ भागिले ६. चौथीतलं मूल लिहितं १२, मधलं शून्य खाल्लं. विचारा, "सहा जणांना प्रत्येकी १२ रुपये दिले तर एकूण किती झाले?" ७२. "आणि वाटायचे होते किती?" ६१२. बस. पुढे बोलायची गरज नाही.

तिसरी-चौथीतल्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकारात उत्तर तपासायची सोय गणिताच्या आतच आहे. वजाबाकी बेरजेने तपासा, भागाकार गुणाकाराने तपासा, आणि त्याआधी अंदाज घ्या. ५२ म्हणजे पन्नासच्या आसपास, २७ म्हणजे पंचवीस-तीस, म्हणजे उत्तर वीस-पंचवीसच्या घरात. इतिहासात सनावळी चुकली तर पुस्तक उघडावं लागतं. गणितात मूल स्वतःच न्यायाधीश होऊ शकतं. आणि नेमक्या याच विषयात आपण त्याला सगळ्यात जास्त परावलंबी करून ठेवलंय.

माझे वडील मार्केटला माथाडी होते. शिक्षण चौथी. कागद-पेन्सिल क्वचितच हातात घ्यायचे. पण समजा ३७ नग आणि नगाला ८ रुपये, तर ते म्हणायचे, "चाळीस नगांचे तीनशे वीस, तीन नगांचे चोवीस गेले, दोनशे शहाण्णव." मग पुन्हा दुसऱ्या वाटेने, "तीस आठे दोनशे चाळीस, सात आठे छप्पन्न, दोनशे शहाण्णव." दोनदा, दोन वाटांनी. त्यांना कोणी "तपासून बघ" म्हणून शिकवलं नव्हतं. हिशेब चुकला तर पैसे स्वतःचे जाणार होते, म्हणून तपासत होते. आपल्या मुलांच्या वहीतलं उत्तर चुकलं तर त्यांचं स्वतःचं काय जातं? काहीच नाही. ते उत्तर टीचरसाठी असतं. म्हणून ती तपासत नाहीत.

हे फक्त माझ्या घरचं उदाहरण नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारातली ही मुलं अवघड हिशेब तोंडी पटापट करत होती, पण तीच आकडेमोड पुस्तकातल्या पद्धतीने मांडून दिली की अडत होती. आणि उलटंही दिसलं. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची गणितं करत होती, पण बाजारातला हिशेब समोर आला की हरत होती. साध्या गुणाकारासाठी कागदावर लांबलचक खटाटोप, आणि तोवर गिऱ्हाईक निघून जाईल इतका वेळ.

याचा अर्थ मुलांना गाडीवर बसवा असा नाही. कोणत्याही मुलाची जागा शाळेतच आहे. अर्थ एवढाच, की व्यवहारातलं गणित आणि वहीतलं गणित यांच्यामध्ये पूल आपोआप बांधला जात नाही, तो मुद्दाम बांधावा लागतो. आशियातल्या मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक आपल्या शेजारी वाशीत आहे. कोपरखैरण्यात किती घरं त्या बाजारावर चालतात! पण आपल्या मुलांच्या गणिताच्या वहीत त्या बाजारातली एक गोणीसुद्धा नाही.

आणि आता तर स्कॅनर आला. पूर्वी दुकानात पाठवलं की पन्नासची नोट आणि "अठरा रुपयांचं आण, सुट्टे मोजून घे" एवढ्यात रोजची वजाबाकी व्हायची. आता मोबाइल दाखवला, 'टिंग' आवाज आला, झालं. मी यूपीआयच्या विरोधात नाही, पण मुलांच्या हातातून रोजची एक शाळा गेली हे खरं. ती दुसऱ्या कुठल्यातरी रूपात परत आणावी लागेल. डी-मार्टमध्ये जाता ना? बिलाच्या रांगेत उभं राहिल्यावर मुलाला सांगा, "ट्रॉलीत बघ आणि अंदाजाने सांग, बिल किती होईल?" ४८ म्हणजे पन्नास, ११२ म्हणजे एकशे दहा. बिल आलं की त्याचा आकडा किती जवळ होता ते त्याचं त्यालाच दिसेल. रांग तशीही मोठीच असते.

आता एक आपल्या भाषेचा मुद्दा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस, बावीस" बरोबर "वीस एक, वीस दोन" अशी संख्या वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला आठवतंय? टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, थेट विधानसभेत. विनोद खूप झाले. पण बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जे सांगत होत्या ते फार थोड्यांनी ऐकलं. जुने शब्द काढलेले नव्हते, नवी पद्धत जोडीला दिली होती. अडचण खरी होती. "पंचेचाळीस" म्हणताना आधी पाच ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी चार. "एकोणतीस" म्हणताना तीस ऐकू येतात, लिहायचे २९. लहान मूल पंचेचाळीसचे ५४ लिहितं ते ढ असतं म्हणून नाही.

त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. मला वाटतं, आपले संख्यांचे शब्द टिकलेच पाहिजेत. पण मुलाला अडलं तर "चाळीस आणि पाच" असं फोडून म्हणायची मुभा हवी. आपल्याकडे तर वेगळीच गंमत आहे. मूल शाळेत "सिक्स्टी नाइन" म्हणतं आणि आजी म्हणते "एकोणसत्तर". दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. यावर उपाय सोपा आहे. आजीने म्हणावं, "एकोणसत्तर, म्हणजे सत्तरला एक कमी." नातवाने म्हणावं, "म्हणजे साठ आणि नऊ." एका शब्दात वजाबाकी आणि बेरीज दोन्ही झाल्या. मराठी शब्द असे समजून घेतले तर ओझं वाटत नाहीत.

"मग पाढे पाठ करायचे की नाही?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. करायचे. नक्की करायचे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी तर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकीसुद्धा पाठ असायची. पाढे पाठ असले की डोकं मोकळं राहतं आणि पुढच्या पायरीकडे लक्ष देता येतं. माझं म्हणणं एवढंच, की पाढा विसरला तर तो पुन्हा उभा करता आला पाहिजे. "सात आठे" आठवत नाही? सात चोक अठ्ठावीस येतं ना, त्याची दुप्पट कर, छप्पन्न. नऊचा पाढा अडला? दहाच्या पाढ्यातून तेवढे वजा कर. ज्या मुलाला ही वाट माहीत आहे ते परीक्षेत पाढा विसरलं तरी रडत बसत नाही. ज्याला फक्त चाल पाठ आहे ते मधली ओळ विसरलं की पुन्हा "सात एके सात" पासून सुरू करतं.

मुलांना स्वतः तपासायची गोडी कशी लावायची, याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी देऊन ठेवलंय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. नोकरी नाशिकजवळ देवळालीत, शाळेत शिक्षक. मोठ्या विद्यापीठात पद नाही. १९४९ मध्ये त्यांनी एक आकडा शोधला, ६१७४. आज जगभर तो 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आणि मग जगाला हा देवळालीचा मास्तर कळला. आपल्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे?

खेळ असा. गल्लीत उभ्या असलेल्या एखाद्या एमएच ४३ गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्या. चारही अंक सारखे नसावेत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. मोठ्यातून लहान वजा करा, ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहणार. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येतोच. फक्त मध्ये ०९९९ सारखं उत्तर आलं तर पुढचं शून्य सोडायचं नाही.

आमच्या शनिवारच्या मुलांमध्ये हा खेळ सगळ्यात जास्त चालतो. कारण इथे "बरोबर आहे का?" विचारावंच लागत नाही. ६१७४ आला नाही म्हणजे कुठेतरी वजाबाकी चुकली, हे मुलाला माहीत असतं. शिवाय एक छुपी खूण आहे. या खेळात प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ च येते. ३०८७ ची करून बघा. नाही आली तर चूक त्याच पायरीवर. मग मुलं स्वतःहून मागे जातात, हातचा शोधतात. एरवी पाच वजाबाक्या द्या, तोंड वाकडं करतील. इथे वीस-वीस करतात, वर म्हणतात, "काका, अजून एक गाडीचा नंबर सांगा."

आता व्यवस्थेचं बोलू, कारण सगळं ओझं आई-वडिलांवर टाकणं बरोबर नाही.

कागदावर सगळं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की मुलांनी कृतीतून, शोध घेत, भीतीविना शिकावं. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' आलं. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचन आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. आणि वस्तुस्थिती? 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जेमतेम ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. दहातल्या जवळजवळ सात जणांना नाही. हा सर्व्हे ग्रामीण भागाचा आहे, नवी मुंबई त्यात येत नाही. पण आपण फार वेगळे आहोत असं समजायचं असेल, तर आज रात्री घरातल्या पाचवीतल्या मुलाला ६१२ भागिले ६ देऊन बघा.

चांगली उदाहरणं आपल्याकडेच झालीत. आपल्यापैकी अनेकांचं गाव सातारा-सांगलीकडचं. साताऱ्यातलं कुमठे बीट आठवतंय? विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी वर्ग बदलून दाखवले. मुलं ओळीत फळ्याकडे तोंड करून बसण्याऐवजी जमिनीवर गटात बसली. काड्या, खडे, चिंचोके हातात आले, फरशीवर चौकटी आखल्या गेल्या, मुलं एकमेकांशी बोलून उत्तर शोधू लागली. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला तेव्हा कुमठ्याची चर्चा सगळीकडे होती. तिथून घ्यायचं ते हे, की फरशी रंगवणं सोपं आहे. मूल अडलेलं असताना शिक्षकाने दोन मिनिटं गप्प उभं राहणं अवघड आहे. आणि ते गप्प राहणंच खरं शिकवणं आहे.

म्हणून काही मागण्या, थेट.

शाळांना. वही तपासताना सगळ्या टिका टीचरनेच मारल्या पाहिजेत हा आग्रह सोडा. आठवड्यातून एक दिवस उत्तरं फळ्यावर लिहा आणि मुलांना स्वतःची वही स्वतः तपासू द्या. चूक सापडली तर ती खोडायची नाही, शेजारी पुन्हा सोडवायची. खाडाखोड दिसली म्हणून गुण कापू नका. ज्या वहीत चूक दिसतच नाही त्या वहीतून मूल कुठे अडतंय हे कोणाला कळणार?

पालकांना. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत, आणि निम्म्या महिला. त्या बैठकीत गणवेश, पाणी, शौचालय यावर बोलायलाच हवं. पण एक प्रश्न गणिताचाही विचारा, "आमच्या मुलांपैकी कितींना भागाकार येतो, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी काय चाललंय?"

महापालिकेला. संध्याकाळी शाळांच्या इमारती बंद असतात आणि आपली मुलं दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतात. दोन तास दोन वर्ग उघडे ठेवा. एक फळा, काड्यांचे गठ्ठे, एक समजूतदार माणूस. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका हव्यातच, पण आठ वर्षांच्या मुलालाही बसायला जागा लागते.

क्लास घेणाऱ्या ताईंना. तुमच्या दीड तासातली शेवटची दहा मिनिटं मुलांना द्या. त्यांनीच आपापली उत्तरं उलट क्रियेने तपासायची, आणि आज स्वतःची कोणती चूक सापडली ते सांगायचं. पण हे तेव्हाच होईल जेव्हा आपण पालक "आज किती पानं झाली?" हे विचारणं थांबवू. ताईंवर वही भरण्याचा दबाव आपणच टाकतो.

आणि घरी? ज्या आईला इंग्रजी येत नाही, ज्या बाबांचं शिक्षण सातवीत सुटलं, त्यांच्यासाठी चार प्रश्न देतो. मुलाने "बरोबर आहे का?" विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही. विचारायचं:

१. तुला नक्की काय शोधायला सांगितलंय? तुझ्या शब्दांत सांग.
२. उत्तर साधारण किती यायला हवं? जास्त की कमी?
३. तू कसं काढलंस, मला समजावून सांग.
४. आता खात्री कशी करशील?

यातल्या एकाही प्रश्नासाठी तुम्हाला उत्तर माहीत असायची गरज नाही. उलट, खरंच माहीत नसेल तर जास्त चांगलं, मूल मनापासून समजावतं. आई भाकरी थापता थापता हे विचारू शकते. भाषा मराठी, हिंदी, कुठलीही चालेल. सांगता सांगता निम्म्या चुका मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येतात, हे मी दर शनिवारी बघतो.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. स्वावलंबी करायचं म्हणजे मुलाला एकटं सोडायचं नाही. "तुझं तू बघ" म्हणून मोबाइल घेऊन बसणं म्हणजे स्वावलंबन नव्हे. नवीन गोष्ट दाखवावीच लागते. पहिलं गणित आपण करून दाखवायचं, दुसरं दोघांनी मिळून, तिसरं त्याने, आपण शेजारी. चौथ्याला आपण उठून जायचं. सायकल शिकवताना सीट धरतो आणि हळूच सोडतो, तसंच. काही मुलांना मात्र भरपूर सराव करूनही आकड्यांचा अंदाजच येत नाही. त्यांना आळशी म्हणू नका. डिस्कॅल्क्युलिया नावाची अडचण असू शकते, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

"एवढा वेळ कुठून आणायचा?" हाही प्रश्न येईल. वेळ लागतो, खरंय. पहिले काही दिवस दहा गणितांच्या जागी चारच होतील. होऊ द्या. चार गणितं स्वतः तपासलेली, ही चाळीस गणितं दुसऱ्याने तपासलेल्यांपेक्षा जास्त शिकवतात असं माझं ठाम मत आहे. आज तिसरीत जे मूल स्वतःचं उत्तर स्वतः तपासायला शिकत नाही, ते सहावीत अपूर्णांकाला अडतं, आठवीत बीजगणिताला, आणि दहावीनंतर म्हणतं, "मला मॅथ्स नको." मग बँकेची परीक्षा नको, पॉलिटेक्निक नको, आयटीआयचे कितीतरी ट्रेड नकोत. आपल्यासारख्या घरांतल्या मुलांसाठी ही फार महाग किंमत आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुलं घरी येणाऱ्या शिक्षकाच्या आधाराने पुढे सरकतील. आपल्या मुलांना स्वतःवरच उभं राहावं लागणार आहे.

सात दिवस करून बघा. रोज फक्त दोन गणितं, चार प्रश्न, खोडरबर दप्तरात. काय झालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाही जमलं तरी लिहा, कुठे अडलं तेही कळू दे. कोणाच्या सोसायटीत रविवारी तासभर हॉल मिळत असेल तर तेही सांगा. काड्यांचे गठ्ठे आणि ६१७४ चा खेळ घेऊन मी येतो.

आणि हो, गाडीचा नंबर घेऊन तो खेळ आज रात्री मोठ्यांनीही खेळून बघा. सातव्या वजाबाकीपर्यंत ६१७४ आला नाही तर मला विचारू नका. तुमची वजाबाकी तपासा.